बोक्याचे मागचे पाय गेलेत, शेजारच्या काकू म्हणतात जंत मेंदूत चढला. असं होतं का खरंच?

गण्याची_ताई

नमस्कार मंडळी, मी इथे जास्त करून पाककृती वाचायला येते, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा. आमचा बोका गण्या, सात महिन्यांचा, डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो, घराबाहेर कधीच जात नाही. आठवडाभर झाला, मागून लडखडतोय. आधी सोफ्यावर टुणकन उडी मारायचा, आता खाली उभा राहून नुसता वर बघतो, मग पुढचे पाय टेकवतो आणि मागचं धड ओढून घेतो. काल आईने पोटाखाली हात घालून उचलला तर असा ओरडला की बस, आईच्या अंगठ्याला चावलाच. खातोय नीट, शी मात्र कडक होतेय आणि करताना रडतो.

आता मुद्दा. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे पाच मांजरं आहेत आणि मांजर या विषयात आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या जंत पाठीच्या कण्यातून मेंदूत चढलेत, माणसांची जंताची गोळी चतुर्थांश करून दुधातून दे. मला वाटलं काहीतरीच, पण रात्री नेटवर शोधलं तर खरंच मांजराच्या कण्यात राहणारा जंत निघाला, फोटोसकट, आणि लक्षणं तीच, मागचे पाय लुळे. झोप उडालीये. गोळी आणून ठेवलीये, दिलेली नाही. डॉक्टर परवा भेटणारेत. कोणाला काही अनुभव आहे का?

तिरकस_तात्या

काकूंना पॅरिसला पाठवा, पाश्चर इन्स्टिट्यूट वाट बघतंय.

बाकावरचे_अण्णा

तात्या, चेष्टा नको. माझ्या मेहुण्याला फिट येऊ लागली तेव्हा डोक्याच्या स्कॅनमध्ये जंताच्या गाठी निघाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले कोबीतून गेला असणार. तेव्हापासून आमच्याकडे कोबी मिठाच्या पाण्यात तासभर. माणसाच्या मेंदूत जातो तर मांजराच्या का नाही जाणार? काकू अगदीच वेड्या नाहीत.

सातारकर_पशुवैद्य

ताई, पहिली गोष्ट, ती गोळी देऊ नका. माणसांच्या जंताच्या गोळीत बहुतेक वेळा अल्बेंडॅझोल असतं, मांजराच्या अस्थिमज्जेवर ते वाईट परिणाम करू शकतं, पांढऱ्या पेशी खाली येतात. चतुर्थांश तुकडा म्हणजे नेमका किती डोस हेही धड कळत नाही. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नको, मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. हे सगळ्यांसाठीच लिहितोय.

आता मला सांगा. मागचे पाय हाताला गार लागतात का? पंजाखालच्या गाद्या गुलाबी आहेत की पांढऱ्या-निळसर? गॅलरीतून, फ्रीजवरून पडला का? पिसवांसाठी मानेवर टाकायचं औषध घातलं का, आणि घातलं असेल तर ते कुत्र्यांचं होतं का? शेवटचं, खातो काय, तेही नीट सांगा, "घरचं खातो" एवढ्याने भागत नाही.

पाय गार आणि गाद्या फिक्या असतील तर परवापर्यंत थांबू नका, आत्ता निघा. हृदयाचा आजार असलेल्या मांजरात रक्ताची गुठळी सुटते आणि पोटातली मुख्य धमनी जिथे दोन पायांना फुटते तिथे जाऊन अडकते. ते मात्र एका क्षणात होतं, मांजर किंचाळतं आणि पाय जातात. तुमचं वर्णन हळूहळूचं आहे म्हणून ते वाटत नाही, तरी हात लावून बघाच.

अण्णा, मेहुण्यांचं संध्याकाळी लिहितो, आत्ता एक म्हैस अडलीये.

रानवेडा

ताईंनी जो फोटो बघितला तो कुठला ते मला लगेच कळलं, कारण त्या जंताच्या नादाला मी मागे लागलोय. नाव गुर्ल्टिया पॅरालिसान्स. ताई, आधी तुमची झोप परत देतो: हा भारतात नाही. गण्याला तो होण्यासाठी गण्याला दक्षिण अमेरिकेत जाऊन यावं लागेल.

पण गोष्ट इतकी भारी आहे की सांगतोच. दक्षिण चिलीमध्ये कुर्ट वोल्फह्युगेल नावाचा जर्मन परजीवीतज्ज्ञ होता, त्याने तिथल्या घरगुती मांजरांमध्ये हा मागचे पाय लुळे पडण्याचा आजार बघितला आणि १९३३ साली त्याच्या मागचा जंत नवीन म्हणून जगापुढे मांडला. दोऱ्याहून बारीक, एखाद-दोन सेंटिमीटर लांब. इतर जंत आतड्यात राहतात, फुप्फुसात राहतात, हा कुठे राहतो तर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर जे पातळ आवरण असतं त्यातल्या शिरांमध्ये. तोही मुख्यतः छातीच्या खालचा आणि कमरेचा भाग. शिरांच्या आत जंत बसले की शिरा सुजतात, रक्त गोठतं, आणि गटार तुंबल्यावर मागे पाणी चढतं तसं रक्त मागे साचून शिरा फुगतात, मज्जारज्जू दाबला जातो. मांजर आधी मागून झुलत चालतं, शेपूट थरथरते किंवा लुळी पडते, मग पायांचे स्नायू सुकतात, मग शी-शूवरचा ताबा जातो. हे सगळं आठवडे-महिने हळूहळू चालतं. पुढचे पाय ठणठणीत, भूकही बऱ्याचदा चांगली.

त्यानंतर कित्येक दशकं हा विषय जवळजवळ अडगळीत. मग गेल्या पंधरा-वीस वर्षांत चिलीतल्याच वाल्दिव्हियाच्या ऑस्ट्रल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी तो पुन्हा धसास लावला आणि शोधायला लागल्यावर तो अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील, कोलंबियात पण निघाला. गंमत म्हणजे स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांवर, टेनेरिफला, कधी अमेरिकेचं तोंड न पाहिलेल्या मांजरांमध्ये सुद्धा सापडला. आता हा अटलांटिक ओलांडून तिथे पोचला कसा, बोला.

गण्याची_ताई

डॉक्टर, पाय गार नाहीत, गाद्या गुलाबीच आहेत. पडलेला नाही निदान आमच्या समोर तरी. मानेवर काही टाकलेलं नाही. खाण्याचं आईला विचारून लिहिते, ती देवळात गेलीये.

रानवेडा, थँक्यू आणि नो थँक्यू. वाचून जरा बरं वाटलं पण "शिरांच्या आत" वाचून अंगावर काटा आला.

तिरकस_तात्या

रानवेडा, हा जंत मूळचा कोणाचा? घरगुती मांजर तर तिथे स्पॅनिश लोकांनी नेलं. त्याच्या आधी बिचारा जंत कुठे भाड्याने राहत होता?

रानवेडा

तात्या, पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारलात. गुईन्या नावाची रानमांजर आहे तिकडे, चिली आणि लगतच्या अर्जेंटिनात, अख्ख्या अमेरिका खंडातली सर्वात लहान, दोन-अडीच किलोची. आपल्या वाघाटीपेक्षा थोडी मोठी म्हणा. (वाघाटी माहीत नसेल तर, जुन्नरकडे ऊसतोडीत "बिबट्याचं पिल्लू सापडलं" म्हणून जी बातमी येते त्यातली बरीच पिल्लं वाघाटीची असतात, जगातल्या सर्वात छोट्या रानमांजरांपैकी एक आपल्या उसात राहते आणि आपल्याला पत्ता नसतो, पण तो वेगळा धागा होईल.) तर गुईन्या, मार्गाय अशा तिथल्या रानमांजरांत हा जंत मिळालाय, तेच त्याचे मूळ यजमान असं तज्ज्ञ धरून चालतात. त्याच्या जवळच्या नात्यातले सगळे जंत गोगलगायींतून पसरतात, त्यामुळे याचाही रस्ता गोगलगाय, मग ती खाणारा उंदीर-पाल-पक्षी, मग मांजर असा असावा असा अंदाज. वाल्दिव्हिया म्हणजे पावसाचं रान आहे, आपल्या आंबोलीसारखं ओलंकिच्च, गोगलगायींना तोटा नाही.

आणि डोकं फिरवणारा भाग पुढे आहे. बाकी बहुतेक जंतांची अंडी-अळ्या शीतून बाहेर पडतात, म्हणून शी तपासून कळतं. याच्या बाबतीत आजारी मांजराच्या शीत काही मिळत नाही, पाठीतलं पाणी काढलं तर त्यातही अळी मिळत नाही. त्याची पिल्लं मांजराच्या बाहेर पडतात कुठून हे कोडं अजून सुटलेलं नाही. त्यामुळे कितीतरी वर्षं खात्रीचं निदान म्हणजे मांजर मेल्यावर कणा उघडून बघणं. आता डीएनएवर आधारित चाचणी आलीये.

परदेशी_पोळी

उशिरा आले धाग्यावर. मी पेनसिल्व्हेनियात असते आणि आमच्या चिंगीच्या मेंदूत खरोखरच गेली होती, जंत नाही, माशीची अळी. इकडे क्युटेरेब्रा म्हणतात. सांगते म्हणजे ताईंना फरक कळेल.

ही एक ढोबळी माशी असते, ससे-उंदरांच्या बिळाच्या तोंडाशी अंडी घालते. ऊबदार प्राणी जवळून गेला की त्या ऊबेने अंडी फुटतात आणि अळी त्याच्या केसांना चिकटते, नाकातोंडातून आत शिरते. ससा-उंदीर हे तिचं नेहमीचं घर. मांजर बिळात डोकं घालतं आणि फुकटात सापडतं. बहुतेक वेळा मांजराच्या मानेवर कातडीखाली गाठ येते, गाठीला श्वास घ्यायला एक भोक असतं, बघायला किळसवाणं पण डॉक्टर काढून टाकतात. (ती गाठ घरी दाबायची नाही हं, आत अळी फुटली तर मांजराला जोरदार रिॲक्शन येऊ शकते.) कधीतरी मात्र अळी नाकातून वर मेंदूत जाते.

चिंगी अंगणात हिंडायची. ऑगस्टमध्ये शिंकायला लागली, आम्हाला वाटलं सर्दी. मग एका सकाळी बघते तर स्वयंपाकघरात गोल गोल फिरतेय, उजवीकडेच, थांबेच ना. डाव्या बाजूने दाराच्या चौकटीला आपटत होती. इमर्जन्सीत नेलं, एमआरआय झाला, अळी जिथून सरकली तो मार्ग त्यात दिसला. तिथली डॉक्टर बाई म्हणाली उन्हाळा संपता संपता आमच्याकडे अशी बाहेर फिरणारी मांजरं येतात, जुलै ते सप्टेंबर, तो त्या अळीचा मोसम. आधी ॲलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड दिलं, मग आयव्हरमेक्टिन, म्हणजे अळी मारायचं औषध. हा क्रम का तर मेंदूत अळी मेली की तिच्यातून जे सुटतं त्याने सूज आणखी भडकते, ती आधी आवरायला लागते.

वाचली चिंगी. पण घरी आल्यावर एक विचित्र गोष्ट बघितली, वाटीतलं उजव्या अर्ध्यातलं सगळं चाटूनपुसून खायची आणि डाव्या अर्ध्यातलं तसंच ठेवून माझ्याकडे बघून ओरडायची, अजून दे म्हणून. वाटी फिरवली की उरलेलं खायची. तिच्या लेखी डावी बाजू जगात नव्हतीच. डॉक्टर म्हणाली उजव्या मेंदूला इजा झाली की असं होतं. आता पुष्कळ सुधारलीये, पण नवरा अजून सवयीने वाटी फिरवतो.

तर मेंदूत गेलं की हे असं दिसतं: गोल फिरणं, एका बाजूचं दिसेनासं होणं, फिट, स्वभाव बदलणं. गण्याचं तुम्ही लिहिलंय ते मला तरी तसं वाटत नाही.

कोकणी_कोळंबी

बापरे ती वाटी. परदेशी_पोळी, वाचताना श्वास रोखला होता.

ही माशी आपल्याकडे नाही ना? आमच्या गावी जनावरांच्या जखमेत किडे पडतात ते हेच का?

सातारकर_पशुवैद्य

म्हैस सुटली, रेडकू ठीक आहे, आता बसतो निवांत.

कोळंबीताई, नाही. क्युटेरेब्रा फक्त अमेरिका खंडात. आपल्याकडे जखमेत पडतात त्या वेगळ्या माश्यांच्या अळ्या, त्या जखमेतलं मांस खातात, नाकातून मेंदूत चढण्याचा उद्योग करत नाहीत. डोक्यावरची जखम खोल गेली तर वाट लागते हे खरं, पण ते निराळं.

अण्णा, मेहुण्यांना झालं ते डुकरातल्या पट्टकृमीचं. तो जंत मोठा होतो माणसाच्या आतड्यात, अंडी माणसाच्या शीतून पडतात, ती उघड्यावर पडून भाजीवर, पाण्यात, न धुतलेल्या हाताने पोटात गेली की त्यातून निघालेल्या पिल्लांच्या गाठी मेंदूत होतात. आपल्या देशात फिट येण्याचं हे मोठं कारण आहे. कोबी बिचारा निमित्तमात्र, उद्या मेथीतूनही जाईल. मांजराचा यात काही संबंध नाही. तुमच्या घरची मांजरं जे पट्टकृमी पाळतात ते पिसू गिळून किंवा उंदीर खाऊन होतात, शेपटीखाली तांदळाएवढे तुकडे वळवळताना दिसतात तेच. ते आतड्यात राहतात आणि तिथेच राहतात. पिल्लांच्या उलटीत शेवयांसारखे येतात ते गोल जंत, ते लहानपणी यकृत-फुप्फुसातून फेरी मारून पुन्हा आतड्यात येतात. रोजच्या पाहण्यातले हे जंत मांजराला खंगवतात, पोट फुगवतात, पण पाय लुळे पाडत नाहीत. "जंत चढला" हे आपल्याकडे सगळ्याला लावतात, बैल बसला तरी जंत चढला.

मज्जासंस्थेत जाणारे जंत बहुतेक करून चुकीच्या प्राण्यात शिरलेले असतात. त्यांचा स्वतःच्या यजमानाशी जुना करार असतो, कुठून शिरायचं, कुठे वाढायचं, कुठून बाहेर पडायचं. दुसऱ्याच्या अंगात ती वाट मिळत नाही आणि मग जिथे अडकले तिथे नासधूस. रानवेड्याचा गुर्ल्टिया त्याला थोडा अपवाद, तो शिरांमध्ये वस्तीलाच येतो.

भारतात मांजराच्या बाबतीत विचार करायचाच तर दोन नावं. एक हार्टवर्म, म्हणजे हृदय-फुप्फुसाच्या धमन्यांत राहणारा जंत, डासातून पसरतो, आपल्याकडे मुख्यतः ईशान्येकडच्या कुत्र्यांत. मांजर त्याचं खरं घर नाही, त्यामुळे मांजरात एक-दोनच जंत वाढतात आणि तेसुद्धा वाट चुकून मेंदूत जाण्याचं प्रमाण कुत्र्यापेक्षा मांजरात जास्त. कुत्र्यात मोठे जंत मारायचं जे इंजेक्शन आहे ते मांजराला चालत नाही, त्यामुळे तिथे सगळी भिस्त प्रतिबंधावर. दुसरा उंदराच्या फुप्फुसातला जंत, त्याचं खाली लिहितो, आधी चहा.

ब्रिस्बेनकर

डॉक्टर, उंदराच्या जंताचं मीच लिहू का, आमच्या घरी येऊन गेलाय.

कुत्र्याला, मांजराला नाही. बिस्किट तेव्हा चार महिन्यांचं पिल्लू. इकडे पावसानंतर बागेत गोगलगायी आणि शेंबड्या (बिनशंखाच्या) ढिगाने, आणि हा गडी दिसेल ते तोंडात घालणार. आधी शेपूट पडली. हलेचना, नुसती लोंबत. मग मागचे पाय डुगडुगायला लागले आणि पाठीला बोट लावलं तरी किंचाळायचा, पांघरूण घातलं तरी. पाठीतलं पाणी काढलं तर त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरलेल्या, तिथूनच डॉक्टरांनी ओळखलं. ब्रिस्बेन-सिडनीकडच्या व्हेट लोकांना हे चित्र पाठ आहे. औषध काय, तर स्टेरॉइड. मी विचारलं जंताचं औषध का नाही, तर म्हणाले मेंदू-कण्यात सगळे जंत एकदम मेले तर त्याचाच त्रास जास्त. परदेशी_पोळीने लिहिलंय तेच तत्त्व. सावकाश बरा झाला, शेपूट सगळ्यात शेवटी हलली.

मांजरात होतं का विचारलं होतं मी, कारण शेजाऱ्यांकडे दोन आहेत. म्हणाले फारच क्वचित.

सातारकर_पशुवैद्य

ब्रिस्बेनकरांनी माझं काम हलकं केलं. नाव अँजिओस्ट्रॉन्गायलस कॅन्टोनेन्सिस, चीनच्या कॅन्टनमध्ये उंदरात १९३५ ला पहिल्यांदा वर्णन झालं म्हणून ते नाव. मोठा जंत राहतो उंदराच्या फुप्फुसाच्या धमनीत. अळ्या उंदराच्या लेंडीतून बाहेर, लेंडी गोगलगाय खाते, गोगलगायीत अळी तयार होते, ती गोगलगाय उंदीर खातो. आता उंदराच्या अंगातसुद्धा ही अळी आधी मेंदूतच जाते, तिथे थोडी मोठी होते आणि मग फुप्फुसात उतरते. माणूस, कुत्रा, मांजर यांच्यात ती मेंदू-कण्यापर्यंत पोचते पण पुढचा उतार बहुतेक वेळा जमत नाही, तिथेच राहते, तिथेच मरते.

हा काही फक्त परदेशी पाहुणा नाही बरं. मुंबईच्या उंदीर-घुशींमध्ये तो सापडल्याचं संशोधन १९८० च्या दशकातच छापून आलेलं आहे. केरळात माणसांना झालेला आहे, त्यातल्या काहींनी औषधी म्हणून कच्च्या घोरपडीचं मांस खाल्लं होतं. घोरपड गोगलगायी खाते, तिच्यात अळ्या साठतात. (घोरपड मारणं गुन्हाही आहे, पण दम्यावर उपाय म्हणून सांगणारे महाभाग आपल्या सातारा-सांगलीतही भेटतात.)

कोकणी_कोळंबी

मग आमची मांजर रोज उंदीर मारून पायरीवर आणून ठेवते, तिला उंदरातून होईल की!

सातारकर_पशुवैद्य

त्या वाटेने नाही होत. उंदरात असतो मोठा झालेला जंत आणि लेंडीतून पडणारी कच्ची अळी, दोन्ही मांजराला बाधत नाहीत. कच्च्या अळीला मधे गोगलगाय लागतेच. धोका गोगलगाय आणि ती खाल्लेले बेडूक वगैरे यांचा. उंदरातून तिला पट्टकृमी मिळतील, आणि गावात उंदराचं औषध टाकलं असेल तर विष मिळेल. त्याची काळजी जास्त करा.

लातूरचा_सोयाबीनवाला

गोगलगायीचं निघालंच आहे तर विचारतो. २०२२ ला आमच्याकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीन उगवताच फस्त केलं, दोनदा पेरलं तरी गेलं, बातम्यांत पण आलं होतं. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधावर टाकायचं, रात्री त्याखाली जमतात, सकाळी गोळा करून मिठाच्या पाण्यात. हे सगळं आम्ही उघड्या हातांनी केलंय, पोरं पण होती सोबत. मला तर आजच कळतंय की त्यात मेंदूत जाणारा जंत असू शकतो. आणि शेतावरची मांजरं त्या गोणपाटांवरच झोपायची.

सातारकर_पशुवैद्य

दादा, घाबरू नका. हात लावल्याने नाही होत, तो हात तोंडात गेला तर प्रश्न. हातमोजे नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी हाताला, नंतर साबणाने स्वच्छ धुणं, आणि शेतातली पालेभाजी कच्ची खाताना पान पान वेगळं करून धुणं. पोरांना त्या कामाला लावू नका.

पण तुमच्या भागात मला जंतापेक्षा वेगळीच भीती जास्त. गोगलगायीसाठी मेटाल्डिहाईडच्या गोळ्या टाकतात ना शेतात? कुत्र्या-मांजरांनी खाल्ल्या की काही तासांत थरथर, अंग तापतं, झटके. लोक आणतात आणि म्हणतात डॉक्टर, जंत डोक्यात गेला. जंत कुठला, आदल्या दिवशी बांधावर गोळ्या टाकलेल्या असतात. अशा वेळी पाकीट बरोबर घेऊन या, आमचा अर्धा तास वाचतो आणि तोच अर्धा तास कामाचा असतो. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराच्या मानेवर घातलं की पण असंच दिसतं, त्यातल्या परमेथ्रिन या कीटकनाशकामुळे. मांजर थरथरतंय म्हटलं की मी आधी विषाचा विचार करतो, मग बाकीचा.

बाकावरचे_अण्णा

डॉक्टर, मेथीचं मी घरी सांगणार नाही, नाहीतर मेथीची भाजी पण बंद होईल.

गण्याची_ताई

आईला विचारलं. घरी आणला तेव्हा दीड महिन्याचा होता, तेव्हापासून उकडलेलं चिकन, बोनलेस, त्याच पाण्यात थोडा भात. दुसरं काही तोंडाला लावत नाही, कॅट फूड आणलं होतं ते पुरून ठेवल्यासारखं करतो आणि निघून जातो. दूध नाही देत, जुलाब होतात म्हणून. आई म्हणतेय बाळाला शुद्ध चिकन घालते, तुम्ही काय विचारता.

सातारकर_पशुवैद्य

बास, हेच हवं होतं. ताई, उद्या अपॉइंटमेंट लवकर मिळाली तर घ्या आणि मागच्या धडाचा, कण्याचा एक्सरे मागा. तिथे सोय नसेल तर परळच्या बैलघोड्याला (जनावरांच्या हॉस्पिटलला) जा, पण बोक्याला पिशवीत कोंबून लोकलमधून नाही, पक्क्या तळाच्या खोक्यात आडवा ठेवून न्या.

कारण सांगतो. हाड नसलेल्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. रानात मांजर उंदीर हाडासकट खातं. वाढत्या पिल्लाला नुसतं बोनलेस मिळालं की रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडातून काढत राहतं, हाडं पातळ होतात, उडी मारली तरी वाकतात, बारीक मोडतात. कण्यातलं हाड दबलं तर नस दाबली जाते. उचलताना ओरडणं, उडी टाळणं, शी करताना रडणं, सात महिने वय, घरात राहणारा, वर फक्त चिकन. बघितल्याशिवाय खात्रीने बोलणार नाही, पण चिलीच्या जंतावर मी पैसे लावणार नाही.

तिरकस_तात्या

अट्टल शाकाहारी माणूस आहे मी, आज प्रथमच चिकनच्या विरुद्ध शास्त्रीय पुरावा मिळाला.

परदेशी_पोळी

तात्या, वाक्य पुन्हा वाचा, डॉक्टर हाडासकट उंदीर खा म्हणतायत.

गण्याची_ताई

अपडेट. एक्सरे झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली, हाडं आणि आजूबाजूचं मांस जवळपास एकाच रंगाचं दिसत होतं, हाड पांढरं उठून दिसायला हवं तसं नव्हतंच. डाव्या मांडीच्या हाडाला घडी पडल्यासारखा वाक आहे आणि कमरेचा एक मणका थोडा चपटा झालाय. नस पूर्ण दाबली गेलेली नाही, पायाला चिमटा घेतला तर मागे वळून बघतो, ते चांगलं लक्षण म्हणाले. दुखणं कमी करायचं मांजरांचंच औषध दिलंय, पिल्लांचं तयार खाणं सुरू करायचंय आणि महिनाभर तरी पिंजऱ्यात, उडी बंद.

काकूंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या एक्सरेत जंत दिसत नसतात.

सातारकर_पशुवैद्य

यात काकू बरोबर आहेत, खरंच दिसत नाहीत. हाडं मात्र दिसतात. 🙂

छान झालं लवकर नेलंत. चिमटा कळतोय म्हणजे आशा चांगली आहे, या वयात हाडं पटापट भरतात. वरून कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने चालू करू नका, तयार खाण्यात प्रमाण जुळवलेलं असतं, भर घातली तर ते बिघडतं. खात नाही म्हणालात तर पहिले काही दिवस चिकनच्या पाण्यात भिजवून कोमट द्या, मग हळूहळू चिकन कमी. पूर्ण उपाशी ठेवून जिरवायला जाऊ नका, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृत बिघडतं.

गण्याची_ताई

भिजवून दिलं, खाल्लं! नाक मुरडत खाल्लं पण खाल्लं. पिंजरा किती मोठा घेऊ? आणि जंताचं औषध आता द्यायचंच नाही का कधी?

सातारकर_पशुवैद्य

पिंजरा इतका की अंग ताणून झोपता येईल आणि मातीचा ट्रे बसेल, उंची मात्र कमी, आत फळी-बिळी नको, नाहीतर तिथेही उड्या मारेल. ट्रेची कड बुटकी घ्या, आत पाय टाकताना दुखायला नको.

जंताचं औषध द्यायचंच, मांजरांचं, वजन करून. पिल्लांना साधारण तीन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी दूध सुटून दोन आठवडे होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. मोठी आणि बाहेर शिकार करणारी असतील तर तीन महिन्यांनी. घरातल्या बोक्याला तुमचे डॉक्टर सांगतील तसं, पुढच्या फेरीला विचारा.

कोकणी_कोळंबी

डॉक्टर, आमची पायरीवर उंदीर ठेवणारी आहे ती गोळी तोंडात धरून ठेवते आणि दहा मिनिटांनी सोफ्यामागे टाकते. मानेवर टाकायचं जंताचं औषध मांजरांसाठी मिळतं का?

सातारकर_पशुवैद्य

मिळतं, मांजरांचं असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. दोन्ही खांद्यांच्या मधे, केस बाजूला करून थेट कातडीवर, जिथे तिची जीभ पोचणार नाही. सगळी औषधं सगळ्या जंतांवर चालत नाहीत, ती उंदीर खाते म्हणजे पट्टकृमी धरणारं हवं, दुकानात तसं सांगून मागा.